पंचावन्न इंची बुवा

मानवजातीच्या इतिहासात शब्दापेक्षा मोठं माध्यम झालं नाही आणि होणारही नाही. चित्र डोळ्यांपाशी थांबतं, शब्द आत उतरतो.

हे मी आमच्या नारायण पेठेतल्या राममंदिरात, चातुर्मासाच्या पहिल्या गुरुवारी, संध्याकाळी साडेसहा वाजता, अकरा श्रोत्यांना ठणकावून सांगितलं. अकरांपैकी तिघांचे डोळे मिटलेले होते. ते चिंतनात असतात असं मी बावीस वर्षं धरून चाललो आहे. एक गृहस्थ मोबाइलवर क्रिकेट बघत होते, पण आवाज बंद करून. तेवढी श्रद्धा त्यांच्या ठायी होती. दोघे तर शेजारच्या दाताच्या डॉक्टरांकडे आले होते. तिथे बसायला जागा नव्हती, म्हणून नंबर लागेपर्यंत ते अध्यात्मात बसले.

मी गानू. नोकरी जकात नाक्यावर झाली. तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून ‘आत काय आहे?’ असं विचारायची सवय लागली, तीच पुढे प्रवचनात उपयोगी पडली. जकात गेली, मी राहिलो. लोक मला बुवा म्हणतात. प्रवचनकाराला खरं तर बुवा म्हणत नाहीत, बुवा म्हणजे कीर्तनकार. पण हे समजावून सांगितलं की लोक ‘बरं बुवा’ म्हणतात, तेव्हा मी तो नाद सोडला.

तर त्या गुरुवारी प्रवचन संपल्यावर विश्वजीत जवळ आला. विश्वजीत आमचा सर्वांत तरुण विश्वस्त. त्याचं गाव महापालिकेत आलं, शेतात इमारती आल्या आणि घरात पैसा आला. त्या पैशातून त्याने सभामंडपाची फरशी बदलून दिली, आणि फरशीपाठोपाठ तो विश्वस्त मंडळावर बसवला गेला. मुलगा वाकून नमस्कार करणारा. असे लोक फार घातक असतात. वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही.

“बुवा, तुमचा कंटेंट एक नंबर आहे,” तो म्हणाला. “पण प्रेझेंटेशन नाही.”

“म्हणजे?”

“पब्लिकला व्हिज्युअल लागतं हो. नुसतं किती ऐकणार?”

मी त्याला सांगितलं की नऊ प्रकारच्या भक्तींत पहिला मान श्रवणाचा आहे, बघण्याचा नंबर नवांत कुठेच लागत नाही. त्याने ते अत्यंत आदराने ऐकून घेतलं आणि मग मुद्द्यावर आला. दसऱ्यापर्यंत श्रोत्यांची संख्या पन्नासावर गेली नाही, तर विश्वस्त मंडळ गुरुवारची वेळ ‘ध्वनिस्नान’ वर्गाला देणार होतं. ध्वनिस्नानात लोक सतरंजीवर आडवे होतात आणि एक बाई त्यांच्या उशाशी पितळेची भांडी वाजवते. आडवं होण्याची सोय माझ्याकडेही होती, फक्त मी ती कधी जाहीर केली नव्हती.

बावीस वर्षं. ऐंशी-नव्वद टक्के गुरुवार. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा मी त्या व्यासपीठावर बसून संसाराची असारता सांगितली होती, आणि घरी आल्यावर तिच्या आईने मला संसार म्हणजे काय ते सांगितलं होतं. माणसाला आयुष्यात एक तरी जागा अशी हवी जिथे तो बोलत असताना कोणी मध्ये बोलत नाही. माझी ती जागा चार फूट बाय तीन फूट होती. ती जाणार होती.

मी पडद्यावर चित्रं दाखवायला होकार दिला आणि घरी बायकोला, सुनीतीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आतापर्यंत लोक डोळे मिटून सहन करत होते. आता तुम्ही त्यांना डोळे उघडे ठेवायला लावणार. बघा बाई, जबाबदारी तुमची.”

मी सिनेमाच्या विरुद्ध आहे असा पेठेत एक गैरसमज आहे. मी सिनेमे बघतो, दुपारच्या खेळाला, टोपी घालून. सिनेमावाल्यांविषयी मला द्वेष नाही, असूया आहे. पाचशे माणसं अंधारात, गप्प, एका दिशेला तोंड करून, तीन तास. हे कुठल्याही संताला जमलं नाही. टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांविषयी मात्र मला बोलायचं आहे. तिथे देव एक वाक्य बोलला की त्याचा चेहरा तीन बाजूंनी दाखवतात, वीज कडाडते, मग ऐकणाऱ्या सात जणांचे चेहरे प्रत्येकी तीनदा. एका उपदेशाला एक आठवडा लागतो. आणि मोबाइलवर याच्या उलट. तिथले महाराज गाडीत बसल्या बसल्या तीस सेकंदांत मोक्ष देतात आणि खाली पत्ता असतो. मी या दोन्हींच्या मधला माणूस. मला पन्नास मिनिटं लागतात आणि मोक्षाची मी हमी देत नाही. अशा मालाला हल्ली गिऱ्हाईक नाही.

जिन्यात बापूराव भेटले. बापूराव आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. चौतीस वर्षं ते एका थिएटरात मशीन चालवायचे; थिएटर पडलं, तिथे मॉल उभा राहिला, आणि आता ते जाणाऱ्यायेणाऱ्याला सल्ले देतात.

“गानूसाहेब, तुमची चूक सांगू?”

“सांगा.” नाही म्हटलं तरी ते सांगतातच.

“तुमची एन्ट्री नाही. पब्लिक येतं तेव्हा तुम्ही आधीच बसलेले. हीरो असा आधीपासून बसलेला असतो का? आणि दुसरं, इंटरव्हल नाही. इंटरव्हल नसेल तर माणसाला सुटकेची आशा राहत नाही हो. मी मशीनवर बसतो. मला पैसे नकोत. बटण दाबायला मिळालं तरी पुरे.”

शेवटचं वाक्य ते इतकं हळू बोलले की मला नाही म्हणवेना.

चित्रं तयार करायला माझी भाची नम्रता धावून आली. ती खराडीला आयटीत आहे आणि दिवसभर हेच करते, म्हणजे ज्यांना काही सांगायचं नाही त्यांना ते चित्रांतून सांगायला मदत करते. मी तिला ‘वैराग्य’ या विषयाचे बारा मुद्दे दिले. दीड तासात मुद्दे चार झाले. चौथा ‘धन्यवाद’ होता.

“मामा, एका स्लाइडवर सहाच्या वर शब्द नकोत. लोक वाचत नाहीत.”

“मग मी काय बोलू?”

“स्लाइडवर आहे तेच. पण जरा एनर्जीने.”

‘वैराग्य’ या शब्दाखाली तिने एक तरुण लावला होता. डोंगराच्या टोकावर, मावळतीकडे तोंड, दोन्ही हात पसरलेले, पायात महागडे बूट.

“हा कोण?”

“फुकट मिळतो फोटो.”

“याला वैराग्य आलंय?”

“त्याने जॉब सोडलाय, मामा.”

तिच्या हिशेबाने ते बरोबरच असावं.

आता पडदा लावायचा होता. इथे कै. दातार आडवे आले. दातारांनी १९३१ साली मंदिर बांधलं आणि विश्वस्तपत्रात लिहून ठेवलं की व्यासपीठामागच्या भिंतीस कोणत्याही कारणास्तव खिळा ठोकू नये. का, ते लिहिलेलं नाही. आमच्याकडे कारण लिहिलेलं नसलं की नियम जास्त पक्का समजतात. विषय मंडळापुढे गेला. मंडळाने उपसमिती नेमली. उपसमितीने भिंतीची पाहणी केली, चहा घेतला आणि ‘भिंत आहे’ असा अहवाल दिला. विश्वजीतने चिकटणारे हुक आणले. ते पडद्यासकट रात्रीतून खाली आले. व्यासपीठ बाजूला सरकवावं म्हटलं तर तेही हलवायचं नाही. त्याची प्राणप्रतिष्ठा नसली तरी पूजा झालेली आहे. शेवटी उपसमितीने सर्वांच्या भावना सांभाळून मार्ग काढला. पुढच्या दोन खांबांना तार बांधली आणि पडदा त्या तारेवर सोडला.

म्हणजे व्यासपीठाच्या पुढे. म्हणजे मी मागे.

कोणाच्याही भावना दुखावल्या नाहीत. माझ्या दुखावल्या असत्या, पण त्या इतिवृत्तात घेण्याची पद्धत नाही.

पहिल्या सचित्र प्रवचनाला चौतीस श्रोते होते, हे मला नंतर सांगण्यात आलं. मला पडद्याची मागची बाजू दिसत होती. बूट घातलेला विरक्त मला उलटा दिसत होता, अक्षरं उजवीकडून डावीकडे पळत होती, आणि चष्म्याच्या काचांत प्रोजेक्टरचा दिवा घुसत होता. मी क्रोधावर बोलत होतो तेव्हा पुढे ‘क्षमा’ झळकत होती, कारण बापूराव एक चित्र पुढे गेले होते. मी क्षमेवर आलो, तर सभामंडपात अचानक दिवे लागले आणि बापूरावांचा खणखणीत आवाज आला, “मध्यंतर!” पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. बटाटेवडे वाटले जात होते. मी व्यासपीठावर बसून होतो, कारण वक्त्याने आरतीआधी उठायचं नसतं. मला कोणी वडा दिला नाही. बहुधा मी मागे आहे हे लक्षात राहिलं नसावं.

प्रवचनानंतर इंदुबाईंची शंका असते. इंदुबाई त्र्याऐंशीच्या. शनिवार पेठेतून रिक्षाने येतात आणि डावीकडच्या खांबाला टेकून बसतात. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. बावीस वर्षांत त्यांनी दर गुरुवारी एक शंका विचारली आहे. कधी ती पोथीतली असते, कधी गुडघ्याची. खरं सांगायचं तर मी आठवडाभर तयारी करायचो ती त्या एका शंकेला भिऊन. बाकीचे ऐकायला येत, इंदुबाई तपासायला.

त्या दिवशी त्या म्हणाल्या, “बुवा, आज तुम्ही ‘हे बघा’ असं सतरा वेळा म्हणालात.”

“हो का?”

“मी मोजलं. मी काय बघायचं होतं?”

याचं उत्तर स्लाइडवर नव्हतं. “पुढच्या वेळी सांगतो,” असं मी पडद्यामागून म्हणालो. बावीस वर्षांत त्यांना असं मी पहिल्यांदा म्हटलं.

पुढचे तीन गुरुवार संख्या वाढत गेली. एकेचाळीस, चव्वेचाळीस, सत्तेचाळीस. वडे त्याच प्रमाणात वाढले, पण विश्वजीत त्याला ‘एंगेजमेंट’ म्हणत होता. तो दर प्रवचनाचं चित्रीकरणही करायचा. कॅमेरावाल्याला पडद्याच्या मागे माझ्या शेजारी जागा मिळाली होती. तेवढीच सोबत. पडद्यापलीकडच्या लोकांना ऐकू जावं म्हणून मी ओरडून बोलत होतो, आणि चौथ्या गुरुवारनंतर माझा घसा पूर्ण बसला. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन सांगितलं.

“डॉक्टर हुशार आहे,” सुनीती म्हणाली. “फी विचारून ठेवा, वाढवून मिळतं का बघू.”

विश्वजीत घरी नारळ घेऊन आला. “बुवा, अजिबात काळजी करू नका. रेकॉर्डिंग आहे आपल्याकडे. नम्रताताईंनी एडिट करून ऑनलाइन टाकलंय. लावून टाकतो.” मी पाटीवर ‘आभार’ असं लिहिलं. बोलता येत असतं तर विचार केला असता.

तीन आठवडे मी घरात पाटी आणि खडू घेऊन वावरलो. चौथ्या गुरुवारी आवाज परत आला. पूर्वीचा नाही, जरा खरखरीत, दाराच्या बिजागरीसारखा, पण आला. उपरण्याला इस्त्री केली, आणि इंदुबाईंच्या त्या प्रश्नाचं उत्तर तयार करून निघालो. मी ठरवलं होतं की पडदा काढायला सांगायचा. अकरा तर अकरा.

पडदा काढलेलाच होता. सभामंडप भरला होता, चपला दरवाज्याबाहेर रस्त्यावर गेल्या होत्या. आणि व्यासपीठावर, माझ्या आसनावर, पंचावन्न इंची टीव्ही बसला होता. खिळ्याची गरजच पडली नव्हती. त्याला हार घातला होता. कपाळाच्या जागी, काचेवर, बुक्का लावला होता.

विश्वजीत लगबगीने पुढे आला, वाकला. “बुवा! कसा आहे घसा? अडुसष्ट आहेत आज. गुरुवार वाचला आपला!”

“छान,” मी म्हणालो. “आता तो काढा. मी बसतो.”

तो कानाची पाळी चोळायला लागला. मग त्याने कपाटातून ठरावाची वही आणली आणि एक पान उघडून माझ्यापुढे धरली. नऊ वर्षांपूर्वीचा ठराव. ‘चातुर्मासात व्यासपीठावर हार घालून बसवलेला वक्ता कार्तिकी एकादशीपर्यंत बदलू नये, कारण काहीही असो.’ सूचक, गानू.

तेव्हा कोथरूडचे एक प्रवचनकार आमच्या मंदिरात शिरू पाहत होते. त्यांच्याकडे पेटी होती आणि डोक्यावर भरपूर केस होते. त्यांना रोखायला मी तो ठराव स्वतः लिहिला होता. ‘कारण काहीही असो’ हे शब्द माझे. जकातीत असताना मी असे शब्द पेरण्यात वाकबगार होतो.

“पण या चातुर्मासात आधी मी बसलो होतो,” मी म्हणालो. “हार मला घातला होता. बदल तर तुम्ही केलात.”

“कुठे बदललाय, बुवा?” विश्वजीत मनापासून म्हणाला. “तेही तुम्हीच आहात ना.”

मी बावीस वर्षं द्वैत-अद्वैतावर बोललो आहे. इतका बिनतोड युक्तिवाद मला कधी सुचला नाही.

मागच्या भिंतीशी सतरंजीचा एक कोपरा मोकळा होता, तिथे बसलो. पडद्यावर मी आलो. नम्रताने माझे खोकले काढले होते. ‘काय बरं म्हणत होतो’ काढलं होतं. चष्मा सापडत नसतानाची चार मिनिटं काढली होती. मागे बासरी घातली होती आणि आवाज असा धुऊन काढला होता की तो माझ्या घशातून कधी निघाला असेल यावर माझाच विश्वास बसेना. मध्येच एकदा मी थांबलो आणि एक मुलगी हडपसरच्या दोन बेडरूमच्या सदनिकांविषयी आपुलकीने बोलली. मग मी पुन्हा संसाराची असारता सांगू लागलो. कोणी चुळबुळ केली नाही. डोळे मिटणारे तिघेही टक लावून बघत होते. क्रिकेटवाल्या गृहस्थांनी मोबाइल खिशात ठेवला होता. प्रामाणिकपणे सांगतो, तो माझ्यापेक्षा चांगला बोलत होता.

शेवटाकडे तो म्हणाला, “गेलेल्या माणसाचं दुःख हे आपण धरून ठेवलेलं असतं. सोडलं की सुटतं.” आणि जरा थांबला. बासरी वाजली.

“बुवा,” खांबापासून आवाज आला. इंदुबाई. मान टीव्हीकडे वळलेली. “बुवा, माझा आनंद गेला त्याला श्रावणात एक वर्ष झालं. कसं सोडायचं ते सांगा.”

मला हे माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा गेला होता, त्या वर्षभर खांबाला टेकून गुडघ्याच्या शंका विचारत होत्या, आणि मी आठवडाभर पोथीची तयारी करत होतो.

टीव्हीवर बासरी चालू होती. मी उठून उभा राहिलो.

“इंदुबाई,” मी म्हणालो, “ते सुटत नाही. मी ते वाक्य असंच बोलून गेलो होतो. ऐकायला बरं वाटतं म्हणून. मला ते...”

“शूऽऽ!” क्रिकेटवाले गृहस्थ मागे वळले. “अहो, बुवा बोलतायत!”

“मी...”

“कोण आहे ते मध्ये मध्ये?” इंदुबाई चिडून म्हणाल्या. त्यांनी माझ्या खरखरीत आवाजाच्या दिशेने हात झटकला, माशी हाकलावी तसा. “मी बुवांना विचारलंय. त्यांना बोलू द्या.”

बासरी थांबली. पडद्यावरचा मी हसला आणि म्हणाला, “बघा, किती सोपं आहे!”

इंदुबाईंनी बराच वेळ मान हलवली. मग पदराने डोळे पुसले आणि त्या टीव्हीला हात जोडून म्हणाल्या, “बरं बुवा.”

मी खाली बसलो. आरती झाली. लोक रांगेने पुढे गेले आणि टीव्हीच्या खालच्या कडेला डोकं टेकवून बाहेर पडले. दोघे जाता जाता माझ्याही पाया पडले, पण मी वाटेत बसलो होतो म्हणून असेल. बापूराव इंदुबाईंना हाताला धरून रिक्षापर्यंत घेऊन गेले. मी त्यांच्या मागे चार पावलं गेलो आणि थांबलो. काय बोलणार होतो? आणि कोणाच्या आवाजात?

परत वळलो तर विश्वजीत सभामंडप ओलांडून माझ्याकडेच येत होता, हात मागे धरून, चेहरा अवघडलेला. मला वाटलं, पोराला लाज वाटली. आता म्हणेल, बुवा, झालं ते झालं, कार्तिकीनंतर तुम्हीच बसा. मी उपरणं नीट केलं. तो वाकला, जरा जास्तच वाकला, आणि सरळ होऊन त्याने मागचा हात पुढे केला.

“बुवा, एक विनंती होती. राग मानू नका. तुम्ही दर गुरुवारी येणारच आहात ना? मग पुढे बसत जा, आणि हा रिमोट तुमच्याकडे ठेवा. जाहिरात आली की हे बटण दाबायचं. बापूराव दाबतच नाहीत, बघत बसतात. फक्त पाच सेकंद थांबून दाबा हं, आधी दाबलं तर चालत नाही.”